दिवा तीनदा सोडायचा

“अगं शांते, तुझा बाप बघ, पडद्यावर गेलाय.”

तंबूत मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं मुरुम गाव पोट धरून हसलं. पडद्यावर तात्यासाहेब नावाचा एक मिशाळ कारकून झुरळ बघून पलंगावर चढला होता आणि धोतराचा सोगा तोंडात धरून बायकोला हाका मारत होता. माझे अप्पा माझ्या शेजारीच गोणपाटावर बसले होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आम्हा दोघांना पोटात घ्यावं. बघते तर अप्पाच सगळ्यांत जास्त हसत होते. डोळ्यांतून पाणी येईतो हसत होते. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सत्तेचाळीसची दिवाळी नुकतीच झाली होती. पलीकडं सोलापुरात स्वराज्य आलं होतं आणि आमच्याकडं निजामाचंच चाललं होतं. गावात तंबूतला सिनेमा आला तो मदारसाबमुळं. मदारसाब आमच्याच गावचा, पिंजाऱ्याचा मुलगा. तो सोलापूरच्या तंबूवाल्याकडं मशीन चालवायचा. आपल्या गावाला एकदा सिनेमा दाखवा म्हणून त्यानं मालकाच्या मागं टुमणं लावलं होतं.

सिनेमा होता एका भित्र्या बापाचा. हा तात्यासाहेब झुरळाला भिई, पोलिसाला भिई, स्वतःच्या सावलीला भिई. गल्लीतली पोरं त्याच्या हातातला दिवा मागून फुंकून विझवत, की हा रामरक्षा म्हणत तुळशीवृंदावनाला मिठी मारी. लोक अगदी लोळत होते. मग शेवटी शेवटी चोर येतात, तात्यासाहेबाच्या पोरीला खांबाला बांधतात, तात्यासाहेब पलंगाखाली शिरतो, त्याचे हात लटलट कापताना अख्ख्या पडद्यावर दिसतात आणि...

आणि मदारसाबनं मशीन बंद केलं. बाहेर लॉरी थांबल्याचा आवाज आला होता. तंबूत अंधार झाला आणि इतका वेळ हसणारी माणसं एकदम गप्प झाली. ‘ते’ आले होते. त्या वर्षी त्यांचं नाव कुणी घेत नसे, नुसतं ‘ते’ म्हणत. खाकी वर्दी, हातात बंदुका आणि बरोबर लॉरी. त्या दिवशी ते बाहेरूनच फिरून गेले. पण तंबूवाल्यानं सकाळी खुंट्या उपटल्या आणि बैलगाड्या जुंपल्या. शेवटचं रीळ डब्यातच राहिलं.

अप्पा गाडीमागं वेशीपर्यंत चालत गेले.

“मदारसाब, म्होरं काय झालं ते तर सांग.”

“नक्को, अण्णा. सांगून मजा नै येत. देखना पडता.”

“पर त्यो धीट झाला का न्हाय?”

“हौ ना. तोच तर सिनेमा है. अगले साल दाखवतो तुम्हाला, वादा.”

गाडी गेली आणि अप्पांच्या डोक्यात ते रीळ राहून गेलं. ‘तात्यासाहेब’ हे नाव तर त्यांना कायमचं चिकटलं.

तसं खोटं कशाला बोलू, नाव शोभत होतं. अप्पा भित्रेच होते. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलायचे. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्यायचे, त्यांचा आवाज होतो म्हणून. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, “लगीन लागताना वाजंत्री वाजली तवाबी ह्ये दचकले हुते.” घाबरले की त्यांचे हात थरथरायचे. दोन्ही हात मनगटापासून थरथरायचे, आणि ते लपवायला ते काखेत घालायचे.

आता गंमत बघा, असल्या माणसाचं काम काय होतं, तर पेव उघडायचं. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र खोलीएवढं पोट. ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, वर कडबा आणि माती. वर्ष-दोन वर्षांनी उघडलं की आतली हवा मेलेली असते. घाईनं उतरलेला माणूस हाक मारायच्या आत खाली पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला त्याच्यावर पडतो. म्हणून आधी दिवा सोडायचा. दिवा विझला की उतरायचं नाही, पेव उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

बाकीचे लोक एकदा दिवा सोडत. अप्पा तीनदा सोडायचे. जुन्या तराजूचं एक पारडं त्यांनी दोरीला बांधलं होतं, त्यात रॉकेलची चिमणी ठेवायचे. डाव्या हातात दोरी, उजवा हात छातीवरच्या इष्टलिंगावर, आणि डोळे मिटलेले. दिवा खाली जायचा, वर यायचा, पुन्हा खाली. तोवर गाडीवान विड्या ओढून कंटाळायचे. “तात्यासाहेब, दिव्याला चक्कर येईल आता,” म्हणायचे. अप्पा कानाआड करायचे. पण गावात पेवात माणसं मेली होती, आणि अप्पांनी उघडलेल्या पेवात आजवर एकही माणूस मेला नव्हता, ही गोष्ट मात्र कुणी बोलून दाखवत नसे. मलाही ती त्या वयात दिसली नाही. मला फक्त लोकांचं हसणं ऐकू यायचं.

म्हणून मी एक दिवस आगाऊपणा केला. बसप्पा सावकाराच्या आवारातलं मोठं पेव उघडायचं होतं. बसप्पा म्हणजे आमच्या पेठेतला अडत्या, अप्पांचा मालक. अप्पांनी दिवा सोडला, डोळे मिटले. मी समोरच्या काठावर पालथी पडले होते. पारडं हातभर खाली गेलं आणि मी सिनेमातल्या पोरांसारखं फू केलं.

अप्पांनी डोळे उघडले, विझलेला दिवा बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. “माघारी व्हा,” म्हणाले, “वाईट हवा तोंडापातूर आलीया.” गाड्या रिकाम्या परत गेल्या. दोन दिवस पेव उघडं पडलं. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात गोष्ट राहीना, मी गिरिजावैनीला सांगितलं. गिरिजावैनी म्हणजे बसप्पाची सून, माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठी. संध्याकाळपर्यंत सगळी पेठ हसत होती. बसप्पा तर उताणा पडून हसला.

अव्वानं मला असा चिमटा काढला की आठ दिवस निळं राहिलं. अप्पा रागावले नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

“शांतव्वा, मला हसशील तर हास. पर दिव्याशी खेळू नगं. मला काय कळतंय? त्यो दिवा सांगतो तसं म्या करतो. त्योच खोटं बोलाय लागला तर म्या कुणाला इचारू?”

 मग ते हळूच म्हणाले, “त्यो तात्यासाहेब कसा धीट झाला आसंल, गं?”

हा प्रश्न त्यांनी गावात कुणाकुणाला विचारला असेल याला गणती नाही. न्हाव्याला विचारला, जंगमाला विचारला. कुणी म्हणे देवी अंगात आली असेल, कुणी म्हणे भांग घेतली असेल. अप्पा सगळं ऐकून घ्यायचे. त्यांना खरंच वाटायचं की धीट व्हायची काहीतरी रीत असते, ती त्या रिळात आहे आणि नेमकी तीच आपली बघायची राहिली.

वैशाखात ‘ते’ पुन्हा आले. या वेळी बाहेरून गेले नाहीत.

भर दुपार होती. बसप्पाच्या आवारात अव्वा आणि गिरिजावैनी ज्वारी पाखडत होत्या, मी खडे वेचत होते. मोठं पेव निम्मं रिकामं झालं होतं. अप्पांनी सकाळीच दिवा सोडून बघितला होता, हवा चांगली होती. एवढ्यात बसप्पा धावत आत आला. आलूरच्या वाटेवर धुरळा दिसला होता. वरच्या गावातून ऐकू आलेल्या गोष्टी आम्हाला सगळ्यांना ठाऊक होत्या. त्या कुणी मोठ्यानं सांगत नसे, पण बायका पाणवठ्यावर कुजबुजत.

“बायकांना पेवात घाल, म्हांतप्पा. चल, आटप,” तो अप्पांना म्हणाला.

“सावकार, उतरू द्या. पर त्वांड झाकाय नगं. तिघी हायेत आत, झाकलं की हवा...”

“झाक म्हणतो ना. उघडं ठिऊन दावतोस व्हय त्यांना?”

आम्ही दोरीला धरून उतरलो. खाली ज्वारीचा ढीग गरम होता, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वर अप्पांनी फरशी सरकवली. सरकवताना त्यांनी कडेला एक गोटा ठेवला, तेवढी बोटभर फट राहिली. त्या फटीतून उजेडाची एक रेघ गिरिजावैनीच्या खांद्यावर पडली होती. तिनं हातातल्या बांगड्या पदरात गुंडाळून घट्ट धरल्या होत्या.

मग बूट वाजले. हिंदुस्थानीतले आवाज, पोती ओढल्याचा आवाज. कुणीतरी बाज ओढत आणली आणि बरोबर आमच्या डोक्यावर टाकली. बाज करकरली, फरशीवर वजन पडलं, गोटा निसटला आणि ती उजेडाची रेघ गेली.

त्या अंधाराबद्दल आज ऐंशीच्या घरात आल्यावरही मला नीट सांगता येत नाही. डोळे उघडे की मिटलेले ते कळत नव्हतं. अव्वानं माझ्या तोंडावर हात ठेवला होता आणि त्या हाताचाच मला आधार होता. वर कुणीतरी ताक मागत होतं. हसत होतं. किती वेळ गेला देव जाणे. डोकं जड व्हायला लागलं, कानात घुमायला लागलं. श्वास घेतला तरी तो पुरेना. गिरिजावैनीचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन पडलं, मी हलवलं तर हललं नाही. अव्वा माझ्या कानाशी “शिवा, शिवा” म्हणत होती, मग तीही म्हणायची थांबली.

ओरडलं तर वरचे ऐकणार. नाही ओरडलं तर मरणार. आणि आत्ता एक गोष्ट कबूल करते, इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. त्या वेळी मला अप्पांची आठवण आली ती अशी, की ते आता ओढ्याकडं पळाले असतील. मला तसंच वाटलं. जराही शंका आली नाही.

वर काय झालं ते बसप्पा पुढं वर्षभर सांगत होता. तो स्वतः पोत्यांच्या थप्पीमागं बसला होता, एवढं मात्र तो सांगायचा नाही. बाजेवर त्यांचा जमादार बसला होता, वर्दीचे बंद सैल करून. अप्पा थप्पीमागून निघाले. भर उन्हात, हातात पेटलेली चिमणी, पारडं आणि दोरी. पाय असे पडत होते की आत्ता कोसळतात की मग.

“दिन में दिया? पागल है क्या?” जमादारानं विचारलं.

“सरकार, उठावं. पेवावर बसलाव तुमी. आतली हवा मेलीया. वर आली तर बसल्या जागी माणूस जातंय.”

“और तू कांपता क्यूं है?”

“भ्या वाटतंय, सरकार.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. जमादारानं त्यांच्या हातांकडं बघितलं. चिमणीची ज्योत थरथरत होती, पारड्याच्या साखळ्या किणकिणत होत्या. असली भ्यालेली माणसं त्यानं पुष्कळ बघितली असतील, पण ती त्याला भ्यालेली. हा माणूस दुसऱ्याच कशाला तरी भीत होता आणि बघत होता खाली जमिनीकडं. जमादार बाजेवरून उठला.

“खोल. देखते हैं.”

अप्पांनी फरशी वीतभर सरकवली. डाव्या हातात दोरी घेतली, उजवा हात लिंगावर ठेवला. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत, असं बसप्पा सांगायचा.

खाली आम्हाला आधी हवा लागली. मी तोंड उघडून ती अक्षरशः प्यायले. मग तो दिवा दिसला. पारडं हेलकावे खात, भिंतींना आपटत खाली येत होतं. अप्पांनी दिवा सोडला आहे हे मला त्या थरथरीवरून कळलं. त्यांच्या मनात काय आहे ते मात्र कळलं नाही. लोक मला म्हणतात, पोरगी किती हुशार. कसली हुशार? उजेड खाली आला, अव्वाचा चेहरा दिसायला लागला, गिरिजावैनीचं लुगडं दिसायला लागलं, आणि आता वरचे आपल्याला बघणार या भीतीनं मी फू केलं.

पारडं वर गेलं. वर कुणीतरी “या अल्ला” म्हणालं आणि बूट मागं सरकल्याचा आवाज आला.

दिवा दुसऱ्यांदा खाली आला तेव्हा मला समजलं. चिमणी माझ्या कपाळाशी येईपर्यंत मी थांबले, आणि मग फुंकलं.

“बस कर, बंद कर उसे,” जमादार ओरडला. तो आता फाटकाशी गेला होता, नाकाला रुमाल लावून. पण अप्पांनी दिवा तिसऱ्यांदा पेटवला आणि तिसऱ्यांदा सोडला. तोही मी फुंकला. आम्हाला आणखी थोडी हवा मिळावी म्हणून, की सवय म्हणून, ते मला आजतागायत माहीत नाही. मी विचारलं तर म्हणायचे, “तीनदाच सोडायचा असतोय.”

ओसरीवरची पोती घेऊन लॉरी गेली. अव्वानं गिरिजावैनीच्या गालावर थपडा मारून तिला शुद्धीवर आणलं आणि आम्ही दोरीला धरून वर आलो. आम्हाला ओढायला अप्पांच्या हातात त्राण नव्हतं. ते पेवाच्या तोंडाशी बसले होते, त्यांना उठता येत नव्हतं. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. थप्पीमागून बसप्पा आणि दोघं हमाल बाहेर येत होते. अव्वानं एकदाच बघितलं, रांजणातून घागर भरून घेतली आणि सगळी अप्पांच्या डोक्यावरून ओतली. “उन्हात बसून बसून भाजलाव की,” म्हणाली, “जरा गार व्हा.” कुणाला काही कळलं नाही. मी मात्र बघितलं होतं.

बसप्पाच्या तोंडून ती दिव्याची गोष्ट गावभर झाली. लोक टाळ्या देऊन सांगायचे, हसायचे. तात्यासाहेब हे नाव काही सुटलं नाही, फक्त आता जरा प्रेमानं म्हणायचे. अप्पांचे हात तसेच थरथरायचे. कुत्र्याला बघून रस्ताही तसाच बदलायचे.

मग भाद्रपद आला. हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य चार दिवसांत संपलं. वर्दीवाले वर्द्या टाकून पळाले. लोकांनी गूळ वाटला, मीही खाल्ला. आणि दोन दिवसांनी आमच्या गावातलं वारं फिरलं. वर्दीवाले हाताला लागले नाहीत, तेव्हा काही जण दुसरी माणसं शोधायला लागले. ज्यांचा कशाशी संबंध नव्हता अशी, नुसती त्या वर्दीवाल्यांच्या धर्माची. शोधणारे आमचेच होते, आमच्या पंगतीला बसणारे.

मदारसाब नेमका त्याच आठवड्यात म्हाताऱ्या आईला सोलापूरला न्यायला आला होता. तो अडकला. त्याच्या आईला अव्वानं आमच्या चुलीपाशी बसवलं, डोक्यावरून आपलं लुगडं पांघरून. मदारसाबला अप्पांनी मोठ्या पेवात उतरवलं. पेव आता पूर्ण रिकामं होतं, हवा चांगली होती, आणि फरशीखाली गोटा ठेवून अप्पांनी फट राखली होती. बसप्पा काही बोलला नाही. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, ओसरीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा जण आले. हातात काठ्या होत्या, एकाच्या हातात कुऱ्हाड.

अप्पा पेवाशी होते. मला वाटलं, आता ते दिवा सोडतील. पण दिव्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. पुढचा तर हसूनच म्हणाला, “काय तात्यासाहेब, दिवा सोडताव का? ह्या टायमाला आमीच फुकतो.”

अप्पांनी हातातलं पारडं खाली ठेवलं आणि ते फरशीवर जाऊन बसले. मांडी घालून, जेवायला बसतात तसे.

“आत कोन हाय?”

अप्पांना खोटं बोलता यायचं नाही. भ्यालेल्या माणसाला खोटं सुचायलाही उसंत लागते. “माणूस हाय,” ते म्हणाले.

“उठा.”

“न्हाय.”

“उठा म्हंतो.”

“मला भ्या वाटतंय रं बाबांनो,” अप्पा म्हणाले, “पर म्या उठत न्हाय.”

ते इतके थरथरत होते की खालची फरशी पेवाच्या काठावर खडखड वाजत होती.  कुऱ्हाडवाला एक पाऊल पुढं आला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. 

तेवढ्यात गिरिजावैनी माजघरातून बाहेर आली. सासऱ्यासमोर, परक्या पुरुषांसमोर कधी डोक्यावरचा पदर न सरकवणारी बाई. ती सरळ चालत गेली आणि अप्पांच्या शेजारी फरशीच्या कडेला बसली. मग अव्वा गेली. मग मी. आम्ही तिघी ज्या पेवात होतो त्याच पेवाच्या तोंडावर बसलो. माझ्या पाठीला अप्पांची पाठ लागत होती आणि त्यांची थरथर माझ्या दातांपर्यंत येत होती.

ओसरीवरून बसप्पा पहिल्यांदाच बोलला. त्याचाही आवाज चिरकला होता. “जावा रं घरी. माझ्या सुनंला हात लावून पेव उघडणार हाव का?”

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग पुढचा थुंकला आणि वळला, त्याच्यामागं बाकीचे गेले.

 शेवटी अव्वा उठली, भाकरी आणि कांदा घेऊन आली. अप्पांनी फरशी सरकवली, पारड्यात भाकरी ठेवली आणि खाली सोडली.

“मदारसाब.”

“हौ, अण्णा.” आवाज रडवेला होता.

“त्या सिनेमात म्होरं काय झालं?”

 मग मदारसाब म्हणाला, “आत्ता? इथं?”

“सांग की. धा म्हैने झाले.”

मग मदारसाबनं पेवाच्या तळाशी बसून शेवटचं रीळ सांगितलं. तात्यासाहेब पलंगाखालून बाहेर येताना फळीला धडकतो, वरची लोणच्याची बरणी त्याच्या डोक्यावर फुटते. तो उठतो तो वेगळाच. भीती सगळी गेलेली. मिशीला पीळ भरतो, मुसळ उचलतो, चोरांना बडव बडव बडवतो. बायको ओवाळते. खेळ खलास.

“बरनी पडली म्हून?” अप्पांनी विचारलं.

“हौ.”

“आन् हात?”

“हाथ क्या?”

“हात कापत हुते न्हवं त्याचे. थांबले?”

“बिलकुल थांबले, अण्णा. एकदम.”

अप्पांनी दोरी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तो अजून थरथरत होता. ते त्या हाताकडं बघत राहिले, मग मान हलवून म्हणाले, “बरं झालं बिचाऱ्याचं.” त्यांच्या मनात जराही हेवा नव्हता. तात्यासाहेब सुटला याचं त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी फौजेची गाडी सोलापूरकडं जात होती, तिच्यात मदारसाब आणि त्याची आई गेली. तंबू पुन्हा आमच्या गावाला आला नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मदारसाब खालून म्हणाला, “अण्णा, अंधेरे में भाकर दिसत नै.” अप्पांनी पारडं वर ओढलं, चिमणी पेटवून त्यात ठेवली आणि सोडली. ती हेलकावे खात, भिंतींवर उजेड नाचवत खाली गेली. या वेळी ती कुणी फुंकली नाही. मदारसाबचं जेवण होईपर्यंत अप्पा दोन्ही हातांनी दोरी धरून बसून राहिले.